पारूचे गुर्दे

काचेच्या बारीक नळीत पारूची लघवी होती. डॉक्टरांनी नळी तिरकी धरून तिचा वरचा भाग दिव्यावर तापवला. खालचं पाणी लालसर होतं तसंच राहिलं. वरचं आधी गढूळ झालं आणि मग दूध नासावं तसं फाटलं. त्यांनी त्यात आंबट वासाच्या औषधाचे दोन-तीन थेंब टाकले. पांढरं विरलं नाही. उलट घट्ट होऊन खाली बसायला लागलं.

"मूल नाही, बाई," डॉक्टर मला म्हणाले. "हिचे गुर्दे सुजलेत."

पारू माझी धाकटी जाऊ. ती शेजारी बाकावर बसली होती. तिचे डोळे सुजेने एवढे झाकले होते की ती जागी आहे की झोपली आहे ते कळत नव्हतं. पण तिने ऐकलं होतं. पदर सरळ करता करता तिचा हात पोटावर गेला आणि तिथेच राहिला.

ही गोष्ट निजामाच्या अमलातली. परळीला आगगाडी नुकतीच आली होती. आमचं घर सिरसाळ्याचं, शिवाची पूजा करणारं, पेठेत किराणा दुकान असलेलं. आता मी म्हातारी झाले. पण कुणाच्या घरी अशी सूज आली आणि काय करावं ते सुचेना, तर त्यांना हे उपयोगी पडेल म्हणून सांगते आहे. त्या वेळी आम्हाला असं सांगणारं कुणी नव्हतं.

त्या पावसाळ्यात पारूच्या हातापायांना खरूज झाली. खाजवून खाजवून फोड पिकले. कडुलिंबाच्या पाण्याने धुतले, गंधकाचा लेप लावला, आणि हळूहळू ते वाळले. आम्ही ते विसरूनही गेलो. मग दसऱ्याच्या सुमारास ती सकाळी उठली की तोंड फुगलेलं दिसायचं. दुपारपर्यंत थोडं उतरायचं. पाय जड व्हायचे. बांगड्या मनगटात रुतायला लागल्या. महिनाही चुकला होता.

घरात आनंद झाला. लग्नाला चार वर्षं होऊन तिची कूस उजवली नव्हती. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांनी सुईणीला बोलावलं. तिनेही पोट चाचपून मान डोलावली. त्या दिवसापासून पारूचे डोहाळे सुरू झाले. कैरीचं लोणचं, खारवलेली चिंच, पापड, जे मागेल ते आत्याबाई स्वतः तिच्या ताटात वाढायच्या. आम्ही प्रेमाने तिला नेमकं तेच खाऊ घालत होतो जे तिच्यासाठी विष होतं. हे मी कुणाला दोष द्यायला सांगत नाही. आम्हाला ठाऊकच नव्हतं.

एकदा पारूने मला गोठ्यामागे बोलावलं. म्हणाली, "अक्का, लघवी काताच्या पान्यावानी व्हती. आन लई थोडी व्हती. पोटुशी बाईला असं व्हतं का?"

मला तीन बाळंतपणं झाली होती. मला कधी असं झालं नव्हतं. मी माझ्या मालकांना सांगितलं, त्यांनी त्यांच्या धाकट्या भावाला, म्हणजे पारूच्या नवऱ्याला, महादप्पाला. दुसऱ्या दिवशी दमणीला बैल जुंपले आणि आम्ही मोमिनाबादच्या दवाखान्यात आलो.

डॉक्टर हैद्राबादचे होते, विलायतेत शिकून आलेले. मराठी आणि दखनी मिसळून बोलायचे. आजाराचं नाव त्यांनी नेफ्रायटिस सांगितलं. नेफ्रायटिस म्हणजे गुर्द्याला, मूत्रपिंडाला आलेली सूज. मी विचारलं, सूज तर तोंडावर आहे, मग गुर्द्याचं कसं कळलं? त्यांनी माझ्याकडे खालून वर पाहिलं. बायका असलं काही विचारत नसाव्यात. पण ते चिडले नाहीत, खुर्ची ओढून बसले.

ते म्हणाले, गुर्दे म्हणजे पाठीत कण्याच्या दोन्ही बाजूंना असलेल्या दोन बारीक चाळण्या. सगळं रक्त त्यांतून जातं. घाण पाणी खाली येतं, कामाचं रक्तात राहतं. चाळणी सुजली की उलटं होतं. घाण आत राहते, पाणी अंगात साठतं, आणि रक्तातलं चांगलं सत्त्व खाली गळतं. त्या सत्त्वाला अल्ब्युमिन म्हणतात. तापवलं की ते अंड्यासारखं घट्ट होतं.

आमच्या घरात अंडं कधी आलंच नव्हतं. ते त्यांच्या लक्षात आलं असावं. म्हणाले, नासलेल्या दुधासारखं समजा. ते मला लगेच समजलं.

आणि खरुजेचे फोड? आधी काय झालं होतं असं त्यांनी विचारल्यावर मी ते सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. म्हणाले, घसा पिकल्यावर किंवा असे फोड पिकल्यावर काही आठवड्यांनी गुर्दे सुजतात, हे आता पुष्कळ ठिकाणी दिसून आलंय. का सुजतात ते अजून नीट कळलेलं नाही. विलायतेतले मोठमोठे लोक त्याच्याच मागे लागलेत. एवढा शिकलेला माणूस "अजून कळलेलं नाही" असं म्हणतो याचं मला फार नवल वाटलं. आमच्याकडे वैद्य असो की देवऋषी, सगळ्यांना सगळं कळलेलं असायचं.

पारूला जनान्यात, बायकांच्या दालनात, खाट मिळाली. मीठ बंद. अगदी बंद. दूध, भात, साखर, मोसंबीचा रस. पाणीसुद्धा मोजून. दिवसभर पडून राहायचं, अंगावर घोंगडी. डॉक्टर रोज तिच्या दंडाला एक कापडी पट्टा बांधायचे, रबराचा गोळा दाबून तो फुगवायचे आणि काचेच्या दांडीत चढणारा पारा बघायचे. ते ब्लड प्रेशर, रक्ताचा जोर. पूर्वी नाडीवर बोट ठेवून अंदाज करायचे, आता मोजता येतं, असं त्यांनी सांगितलं. पारा जास्त वर गेला की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. मीही मग पाऱ्याकडेच बघायला शिकले.

एकदा त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावू दिला. आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग गोल गोल, फिकट टिकल्यांसारखे रक्ताचे कण दिसले, आणि त्यांच्यामध्ये काही आखूड दांड्या. त्या दांड्यांना कास्ट्स म्हणतात. गुर्द्यात अगदी बारीक नळ्या असतात, त्यांत हे सत्त्व आणि रक्त साचून त्यांच्याच आकाराचं होतं, शेवयाच्या साच्यातून पीठ उतरतं तसं, आणि मग लघवीतून बाहेर पडतं. पारूच्या पाठीत आत कुठे काय बिघडलंय, ते पाठीला हात न लावता समोर दिसत होतं. मी खाटेपाशी येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, "मलाबी दाखवाया सांगा की." तिला उठायची परवानगी नव्हती. ती त्यावरून दिवसभर रुसली.

तिचं रुसणं मला बरं वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती डोकं धरून बसली. म्हणाली, "अक्का, खिडकी कावून लावली? काई दिसना." खिडकी उघडीच होती, ऊन आत येत होतं. मी डॉक्टरांना हाक मारायला दारापर्यंत गेले तोवर तिला झटका आला. हातपाय ताठ, दातखीळ, तोंडाला फेस. महादप्पा बाहेर व्हरांड्यात होता, तो धावत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली की अंगात आलंय, लिंबू उतरवा.

डॉक्टर आले. दातांत कापडाची गुंडाळी घातली, तिला कुशीवर वळवलं आणि सुईने औषध टोचलं. थोड्या वेळाने अंग सैल पडलं. श्वास चालू होता. ते मला म्हणाले, रक्ताचा जोर वाढून मेंदूला सूज येते, त्यामुळे झालं. डोळ्याला दिसेनासं झालं तेही त्यानेच. सूज उतरली की दिसेल.

मी विचारलं, सुईत काय होतं?

"मॅग्नेशियम सल्फेट. जुलाबाला देतात ते मीठ."

"मीठ बंद केलंय ना हिचं?"

ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, "ते मीठ वेगळं, हे वेगळं. ते सूज वाढवतं, हे झटका थांबवतं. नाव एक म्हणून गुण एक नसतो, बाई."

आणखी एक झटका आला, मग आले नाहीत. नजर हळूहळू परतली. पहिल्यांदा तिला माझ्या लुगड्याचा काठ दिसला. आणि मग एके दिवशी तिला लघवी सुटली ती सुटलीच. दाईने भांडं बदलून बदलून थकावं इतकी. डॉक्टर भांडं बघून एवढे खूश झाले की जणू त्यात केशर होतं. आठवडाभरात सूज उतरली. गालांची हाडं वर आली, मनगटं काडीसारखी झाली. पोटही सपाट झालं.

सूज होती तोवर पारू त्या पोटाबद्दल काही बोलली नव्हती. त्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "म्हंजी कवाच नव्हतं, अक्का. नुसतं पानी व्हतं." मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

घरी निघताना डॉक्टरांनी सांगितलं की या आजाराच्या दोन वाटा असतात. बहुतेकांचे गुर्दे पूर्ण बरे होतात. काहींचे वरून बरे दिसतात पण आतून हळूहळू सुकत जातात, आणि काही वर्षांनी घाण रक्तात साचून माणूस जातो. त्याला युरिमिया म्हणतात. कोणती वाट ते आत्ता सांगता येत नाही. लघवीतलं पांढरं जातं का ते बघत राहायचं. मग त्यांनी मला एक काचनळी आणि शिरक्याची, म्हणजे त्या आंबट वासाच्या औषधाची, बाटली दिली आणि कसं करायचं ते दाखवलं. तापवल्यावर पांढरं आलं आणि शिरका टाकताच विरलं, तर तो साधा क्षार, भ्यायचं कारण नाही. विरलं नाही तर अल्ब्युमिन.

घरी आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "माज्या चुलीवर मूत उकळायचं न्हाई. आदीच सांगते." त्यांचंही बरोबर होतं. त्याच चुलीवर पूजेचा नैवेद्य शिजायचा. मी गोठ्यात चिमणी लावून करायला लागले. चिमणीच्या काजळीने नळी काळी व्हायची, ती पुसायची आणि उजेडाला धरायची. सुरुवातीला मी एकटीच करायचे. मग पारू येऊन बसायला लागली. नळी ती धरायची, थेंब मी टाकायचे. थर बोटाच्या पेरापासून कमी होत होत तांदळाएवढा झाला. मग नुसतं धुकं उरलं. त्या धुक्यापाशी येऊन ते थांबलं. उन्हाळा संपत आला तरी जाईना.

इकडे घरात दुसरी कुजबुज सुरू होती. आत्याबाईंच्या भावाची मुलगी लग्नाची होती. पारूला सोडायचं नव्हतं कुणालाच, पण घरात दुसरी आणायची बोलणी चालली होती. तेव्हा त्यात काही वावगं समजत नसत. महादप्पा आईसमोर कधी बोलायचा नाही. तो सकाळी दुकानात जायचा आणि जेवायला सगळ्यांत शेवटी यायचा.

मी मोमिनाबादच्या डॉक्टरांना निरोप पाठवला. त्यांचं उत्तर आलं की हैद्राबादला आता एक नवी तपासणी होते, तिने गुर्द्यात किती जीव उरलाय ते कळतं. आत्याबाईही हो म्हणाल्या. त्यांना वाटत होतं, एकदा कळलं की पुढचं ठरवता येईल. मी पारूला विचारलं, तुला भीती वाटते का? वाईट निघालं तर?

ती म्हणाली, "वाईट असलं तर ते आत्ताबी हायच की. मला कळाया पायजे."

परळीहून आगगाडीत बसलो. मी, पारू आणि महादप्पा. तिघांचाही तो पहिलाच आगगाडीचा प्रवास. पारूने खिडकी सोडली नाही.

हैद्राबादच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. गोल चेहऱ्याच्या, चष्मा लावलेल्या. पारूला आधी पाणी पाजलं, मग दंडात एक लाल औषध टोचलं. त्याचं नाव एवढं लांब होतं की मला ते कधी नीट म्हणता आलं नाही. बाई म्हणाल्या, हे औषध अंगात कुठे मुरत नाही. गुर्दे ते रक्तातून उचलतात आणि बाहेर टाकतात. ठरावीक वेळात किती बाहेर आलं ते मोजलं की गुर्दे किती काम करतात ते कळतं. आधी सूज बघून, रंग बघून अंदाज करायचे. आता गुर्द्याला काम सांगून ते किती करतो ते बघता येतं.

आम्ही वाट बघत बसलो. त्या दालनात आणखी बायका होत्या, कुणाचे पाय सुजलेले, कुणी अगदी पिवळी. पारूच्या दोन बाटल्या भरल्या तेव्हा त्यात काहीच लाल दिसेना. पण बाईंनी बाटलीत पाण्यासारखंच दिसणारं एक औषध टाकलं आणि आतलं सगळं जांभळट लाल झालं. पारू उठून उभी राहिली.

समोर लाकडी घोडीत काचेच्या बंद नळ्या ओळीने लावल्या होत्या, एकीकडे अगदी फिकट गुलाबी, दुसरीकडे गडद, म्हणजे जास्त औषध बाहेर आलेलं. बाईंनी पारूची नळी त्यांच्या शेजारी धरून पुढे-मागे सरकवली. मी बघत होते. ती गडद टोकाला गेली नाही. फिकट टोकालाही गेली नाही. मधे कुठेतरी, थोडी गडद बाजूला, तिचा रंग जुळला.

बाईंनी आम्हाला बसवून सांगितलं. गुर्दे मेलेले नाहीत, पण थकलेले आहेत. मीठ कमी, घसा किंवा कातडी पिकू द्यायची नाही, थंडीत भिजायचं नाही. असं सांभाळलं तर पुष्कळ वर्षं काढता येतील. पण मूल नको. निदान तीन-चार वर्षं तरी नको. पोट राहिलं तर या गुर्द्यांना तो भार पेलणार नाही. त्यानंतर पुन्हा लाल औषध देऊन बघू.

महादप्पाने पहिल्यांदा तोंड उघडलं. गुर्दे थकून बंदच पडले तर दुसरा काही इलाज आहे का, असं त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, आज नाही. पण अमेरिकेत एका डॉक्टराने कुत्र्याचं रक्त बारीक पडद्याच्या नळ्यांतून बाहेर फिरवून, धुऊन, पुन्हा अंगात सोडलं होतं. पुढे युरोपात एकाने माणसावरही करून पाहिलं, पण रोग्याला फार गुण आला नाही. अजून ते जमलेलं नाही.

"कुत्रं जगलं का?" पारूने विचारलं.

बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, ते मी कुठे वाचलेलं नाही, आणि इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलंही नाही. परतीच्या गाडीत पारू तेच बोलत होती. रक्त बाहेर आल्यावर गोठत का नसेल? नळ्या कशाच्या असतील? महादप्पा ऐकत होता. मधेच तो तिला म्हणाला, "पुढच्या बारीला विचारू." पुढची बारी असणार हे त्याने असं सहज धरलं होतं.

घरी आत्याबाई ओसरीवरच बसल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, "मूल हुईल का?"

मी बोलणार तोवर पारूच बोलली. सासूसमोर ती कधी मान वर करून बोलली नव्हती. "आत्ता न्हाई, आत्याबाई. पुढं हुईल का ते मला ठावं न्हाई. डॉक्टरीणबाईलाबी ठावं न्हाई. पर मी हाय."

महादप्पा पायातल्या वहाणा काढत होता. तो तसाच वाकलेला म्हणाला, "मामाला सांगावा धाडा. पोरीला दुसरं ठिकाण बघा म्हनावं." आणि आत गेला.

आत्याबाई बरेच दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. पारूशी बोलायच्या, पण कामापुरतं. पहिले काही दिवस पारूची अळणी भाजी मीच वेगळी काढायचे. मग एकदा मला उशीर झाला, घाईने चुलीपाशी गेले तर वाटी आधीच काढून झाकून ठेवलेली होती. आत्याबाई पाठ करून भाकरी थापत होत्या.

लघवीतलं धुकं दुसऱ्या हिवाळ्यात गेलं. परत हैद्राबादला गेलो तेव्हा पारूची नळी गडद बाजूला आणखी सरकली होती. पण मूल झालं नाही. त्याला गुर्दे कारण की आणखी काही, ते कुणी सांगू शकलं नाही. तिला दुःख झालं, अजूनही होतं, तिने ते लपवलं नाही. माझ्या मुलांनी तिला काकू म्हणायच्या आधी आई म्हटलं, तरी तिचं ते दुःख वेगळंच राहिलं. पण ती राहिली. पेठेत दुकानावर बसली, भांडली, आगगाडीने आणखी चार गावं बघून आली.

त्या दोन्ही डॉक्टरांचे उपकार मी मानते. त्यांनी औषध दिलं म्हणून, आणि आम्ही विचारलेलं ऐकून घेतलं म्हणूनही. खरूज पिकली तर तिला साधी समजू नका. सकाळी तोंड सुजलं, लघवी लालसर झाली, तर वाट बघू नका. आणि सूज आली की ते नेहमी चांगल्याच बातमीचं असतं असं धरू नका.

एका वर्षी आमच्या गल्लीतल्या साळ्याच्या, म्हणजे विणकराच्या, सुनेचे पाय सुजले. तिची सासू सुईणीला बोलवायला निघाली होती. आत्याबाई तोवर फार थकल्या होत्या, काठीशिवाय चालत नव्हत्या. त्या काठी टेकत साळ्याच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या, "सुईनीला मागून बोलवा. आदी माज्या सुनंला नळी घिऊन येऊ द्या."

तिची लघवी आणून आमच्या गोठ्यात तापवून बघितली तर पांढरा थर चांगला बोटभर आला. मोमिनाबादला न्यायला दमणी जुंपली. त्या पोरीच्या घरचं कुणी बाईमाणूस यायला तयार नव्हतं, म्हणून पारू तिच्याबरोबर बसली. मी दमणीच्या मागे थोडं चालत गेले. पोर रडत होती, डॉक्टर पुरुष असंल, मी काय बोलू त्याच्यापुढं, असं म्हणत होती. पारूने तिचे पाय आपल्या मांडीवर घेतले.

"जे कळना ते इचारायचं," पारू म्हणाली. "मी इचारते आदी. मग तू इचार."